डावी कूस

दौलतराव बाजेवरून उठायला म्हणून उजव्या कुशीवर वळले आणि दुसऱ्याच क्षणी बाजेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ओरडले,

"भागिरथा! घर पडून राह्यलं वं! धर, धर मले!"

घर काही पडत नव्हतं. जानेवारीतली कोवळी सकाळ होती, टिनावर चिमण्या नाचत होत्या, आणि आसेगावातल्या त्या घराच्या चारही भिंती रोजच्या जागी निमूट उभ्या होत्या. पडला होता तो दौलतरावांचा चेहरा. सारी नोकरी एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलेला, पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना नुसत्या नजरेने गाडीतून खाली उतरवणारा, भूत नसतं हे गावाला दाखवायला अवसेला मसणवट्यात जाऊन झोपणारा हा माणूस, आणि तो आता लहान पोरासारखा बाज धरून थरथरत होता.

"फिरून राह्यलं! समदं घर गरगर फिरून राह्यलं! टिन खाली अन् मी वर!"

भागिरथाच्या हातातली सांडशी खाली पडली. चहा उतू जाऊन गॅस विझला, त्याचंही भान तिला राहिलं नाही. नवऱ्याच्या ओरडण्याने ती हादरली नव्हती. हादरली ती त्या शब्दांनी. टिन खाली अन् मी वर. हे तिचे शब्द होते. वर्षानुवर्षं पोटात ठेवलेले, पोटच्या पोरालाही न सांगितलेले. ते असे भर सकाळी दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही याच माणसाच्या तोंडून ऐकू यावेत, याने तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग ती धावली. त्याच्या पाठीमागे हात घालून तिने त्याला उठवून बसवलं, भिंतीला टेकवलं.

"डोळे मिटू नका. समोर त्या खुंटीकडं पाहा, तिच्यावरची नजर काढू नका. आता थांबते. जराशानं थांबतेच ते. अन् उजव्या कुशीवर वळू नका आता, काही झालं तरी."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण दौलतरावांचं लक्ष खुंटीवर होतं. आणि खरंच, पाण्यातला गाळ खाली बसावा तसं ते सगळं हळूहळू बसलं. एवढ्यात संघदीप, त्यांचा मुलगा, अंगाला साबण तसाच ठेवून न्हाणीतून पळत आला.

"काय झालं, माय? लकवा तं नाही?"

"लकवा नाही," भागिरथा म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?" संघदीप म्हणाला आणि गाडीची चावी शोधायला लागला.

समजत होतं. तेच तर दुखणं होतं.

फार वर्षांपूर्वी, सोयाबीनच्या निंदणात ते पहिल्यांदा झालं. भागिरथा वाकून तण उपटत होती. कोणीतरी हाक मारली म्हणून तिने मान वर केली, आणि आभाळ पायाखाली गेलं. ती गुडघ्यांवर बसून घुमल्यासारखी डोलू लागली. शेजारच्या तासात तांड्यावरची रामीबाई होती. तिने भागिरथाचे डोळे पाहिले आणि खुरपं टाकून हात जोडले. देवी आली, देवी आली, म्हणत बाया गोळा झाल्या. कोणाच्या तरी कनवटीला कुंकवाची पुडी होती, ती भागिरथाच्या कपाळावर रिकामी झाली. एकीने तर तिचे पाय धरून लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. भागिरथाला उत्तर द्यायचं नव्हतं, ओकायचं होतं. आणि नेमके त्याच वेळी बांधावरून दौलतराव आले.

आता हा माणूस कोण? दर रविवारी विहारात वंदना घेणारा, गावोगाव फिरून अंगात येणाऱ्यांची सोंगं उघडी पाडणारा. ज्याच्या बापाने धम्म घेतला त्या साली घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, त्याचा हा मुलगा. त्याने पाहिलं, तर त्याचीच बायको कपाळभर कुंकू घेऊन बायांच्या मधोमध डोलते आहे. त्याने दुपट्ट्याने तिचं कपाळ खसाखसा पुसलं आणि दंडाला धरून घरी आणलं. ती वाटेत सांगू पाहत होती, अवो, मले घेरी आली होती. त्याने ऐकलं नाही. त्या रविवारी विहारात सगळ्यांसमोर त्याने तिला उभं केलं आणि बावीस प्रतिज्ञा पुन्हा म्हणायला लावल्या. तिने म्हटल्या. पाठच होत्या. म्हणताना फरशी डावीकडे कलत होती आणि ती खांब धरून उभी होती. तिने खांब का धरलाय, हे कोणी विचारलं नाही.

त्यानंतर घेरी हा शब्द भागिरथाने घरात उच्चारला नाही. घेरी मात्र येत राहिली. कधी सहा-सहा महिने दडी मारायची, मग एखाद्या पहाटे डाव्या कुशीवर वळलं की हजर. मग तिने डावी कूसच सोडून दिली. पुढे आडवं पडणंही सोडलं. भिंतीशी वाकळेची गुंडाळी करून, तिला टेकून बसल्या बसल्या झोपायला ती शिकली. कोणी विचारलं तर पित्त आहे, आडवं झालं की छातीत जळजळते, असं सांगायची. भागिरथाचं पित्त घरात इतकं मुरलं की सून माहेराहून तिच्यासाठी आठवणीने कोकम आणायची. वरच्या फळीवरचा डबा ती कधी स्वतः काढत नसे. दोरीवर लुगडं टाकताना मान वर करत नसे. माणसाला कशाचीही सवय होते, हे ती अंगावर शिकली होती.

वाशीमच्या कानाच्या डॉक्टरीणबाई संघदीपच्याच वयाच्या होत्या. दौलतराव आत गेले ते बायकोचा पदर धरून. त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी हात-पाय, बोलणं, चाल सगळं तपासलं, मान कधी दुखते का ते विचारलं आणि म्हणाल्या, "लकवा नाही. घाबरू नका. आता मी तुम्हाला मुद्दाम चक्कर आणणार आहे."

"मुद्दाम?" दौलतरावांचा आवाज चिरकला.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना टेबलावर लांब पाय करून बसवलं, डोकं दोन्ही हातांत धरून उजवीकडे वळवलं, आणि एकदम मागे निजवलं. डोकं टेबलाच्या काठाच्या जरा खाली, त्यांच्या तळहातांवर. दौलतराव किंचाळले.

"बाई, इकडे या. यांचे डोळे बघा. दिसतंय?"

भागिरथा वाकली. नवऱ्याची बुबुळं झटके देत होती. एका बाजूला जायची, चटकन परत यायची, पुन्हा जायची, कोणी आतून दोरी ओढावी तशी. त्या डोळ्यांत माणूस नव्हता. रामीबाईने हात का जोडले होते ते भागिरथाला त्या क्षणी कळलं. वावरात आपल्या अंगात आलेली ती देवी तिला आज पहिल्यांदाच दिसली. तिने टेबलाचा काठ धरला.

"घाबरू नका. थांबतील आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोलू नका कोणी. काका, तुम्हीही नाही. डोळे उघडे ठेवा."

डोळे थांबले. डॉक्टरीणबाईंनी डोकं सावकाश डावीकडे वळवलं आणि जराशा थांबल्या. मग त्यांना डाव्या अंगावर वळवून तोंड जमिनीकडे करायला लावलं, पुन्हा थांबल्या. मग उठवून बसवलं.

"झालं."

"काय झालं?" दौलतरावांनी विचारलं.

"बरं झालं. आता वळून बघा."

दौलतरावांनी भीत भीत उजवीकडे मान वळवली. मग डावीकडे, मग वर पंख्याकडे. पंखा बंद होता आणि बंदच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

"एवढंच?"

"एवढंच. दोन मिनिटांचं काम असतं."

भागिरथा स्टुलावर बसली. कोणी बस म्हटलं नव्हतं. दोन मिनिटं. भिंतीशी बसून काढलेल्या साऱ्या रात्री एका बाजूला आणि ही दोन मिनिटं दुसऱ्या बाजूला. तिला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. कानशिलं नुसती तापली.

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. कानाच्या आत, अगदी खोल, बारीक बारीक खडे असतात. प्रत्येकाच्या असतात. आपण सरळ आहोत की कललेले, ते त्या खड्यांच्या वजनावरून शरीराला समजतं. त्यातले काही जागचे सुटून भलत्या नळीत शिरले की माणूस नुसता कुशीवर वळला तरी मेंदूला वाटतं, जग फिरतंय. डोकं अशा बेताने वळवायचं की ते खडे घरंगळत आपल्या घरी जातात.

"खडे म्हंजे कायचे?" दौलतरावांनी विचारलं. भीती गेल्याबरोबर त्यांच्यातला वक्ता उठून बसला होता.

"कॅल्साइटचे. चुन्याच्या जातीचं खनिज. तुमच्याकडे विहीर खोदताना काळ्या दगडात पांढरे चमकदार खडे लागतात ना, बरेचदा तेच."

"बाबा, आपला खडा!" संघदीप म्हणाला.

त्यांच्या विहिरीच्या खोदकामात सुरुंगानंतर दगडात एक पोकळी उघडी पडली होती, आणि तिच्यातून काचेसारखा आरपार, तिरक्या विटेच्या घाटाचा एक खडा निघाला होता. अक्षरावर ठेवला की एका अक्षराची दोन दिसत. बाया त्याच्यावर फुलं वाहायला आल्या, तेव्हा दौलतरावांनी सगळ्यांदेखत त्याच्यावर लिंबू पिळून दाखवलं होतं. खडा फसफसला. देव असता तर लिंबाने फसफसला असता का, असं त्यांनी तेव्हा विचारलं होतं. तेव्हापासून तो त्यांच्या टेबलावर पेपर दाबायला होता.

"परत होऊ शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झालं तर हेच घरी करता येईल. मानेचा त्रास नाही ना, मग हरकत नाही. बाई, तुम्ही नीट पाहिलंत. ज्या बाजूला चक्कर येते, त्या बाजूपासून सुरुवात करायची." मग त्यांना काही आठवलं. "सकाळी तुम्हीच यांना उजवीकडे वळू नका म्हणालात, असं काका मघाशी सांगत होते. अगदी बरोबर सांगितलं. तुम्हाला कसं कळलं?"

भागिरथाने तोंड उघडलं. आता सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"तिले काय कयते?" दौलतराव चपला घालता घालता हसले. "तिले तं सोताचं पित्त आवरत नाही. असंच बोलून गेली असल."

"असंच," भागिरथा म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. "काही लोक घाबरून सांगतच नाहीत," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं बसून झोपतात. करू नये असं. दवाखान्यात यावं."

परतीच्या वाटेवर दौलतरावांना कंठ फुटला होता. संघदीपच्या शेजारी बसून ते मान इकडे वळवून पाहत, तिकडे वळवून पाहत.

"बसून झोपतेत म्हने! आयकलं काय, संघदीप? वर्षानुवर्षं! कोन असल बुवा असे येडे लोकं? अरे, तोंड देल्लं ना तुले, मंग बोल ना."

मागच्या सीटवर भागिरथा खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाहेर तुरीच्या गंज्या मागे सरकत होत्या. तिला राग आला. असा राग तिला पूर्वी कधी आला नव्हता. त्या रविवारी विहारात आली होती ती लाज. नंतर येत राहिली ती भीती. राग आज आला, आणि तो आल्यावर तिला मोकळं वाटायला लागलं.

घरी पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. दौलतरावांना लकवा झाला म्हणून अर्धं गाव अंगणात जमलेलं. दौलतराव स्वतःच्या पायांनी खाली उतरले तेव्हा काहींचा विरसच झाला. मग त्यांनी टेबलावरचा खडा मागवला, लिंबू मागवलं आणि सुरू झाले. खड्यावर रस पिळला, तो बारीक बारीक बुडबुड्यांनी फसफसला. हाच खडा विहिरीत, हाच चुन्यात, हाच कोंबडीच्या अंड्याच्या टरफलात, अन् हाच आपल्या कानात. लोकांनी आपापल्या कानांना हात लावून पाहिले.

"आता सांगा," दौलतराव म्हणाले. "एखाद्या बाईच्या कानातला खडा हालला, अन् ती डोलाले लागली, तं तुमी काय म्हनसान? अंगात आलं म्हनसान का नाही?"

तांड्यावरची रामीबाई दाराच्या चौकटीशी बसली होती. आता ती थकली होती, काठी घेऊन चालायची.

"बाप्पा! कान होय का ते?" ती म्हणाली. "आमी तं कुकू लावत होतो."

अंगण हसलं. दौलतराव सगळ्यांत मोठ्याने हसले. रामीबाई मात्र हसली नाही. ती आपल्या धुरकट डोळ्यांनी भागिरथाला शोधत होती. भागिरथा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोघींची नजरानजर झाली. रामीबाईने काठी टेकली, उठली आणि निघून गेली.

दुपार कलली. माणसं पांगली, संघदीप त्याच्या कामाला गेला. दौलतराव बाजेवर आडवे झाले. मुद्दाम उजव्या कुशीवर वळले, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. सुखाने त्यांचे डोळे मिटत आले होते.

"उठा," भागिरथा म्हणाली.

"आँ?"

"उठा बाजेवरून."

ते उठले. तिचा आवाजच तसा होता. भागिरथाने उशी काढून बाजूला ठेवली, पदर खोचला आणि बाजेवर पाय लांब करून अशा बेताने बसली की मागे पडलं तर डोकं बाजेच्या काठाबाहेर यावं.

"डोकं धरा."

"कोनाचं?"

"माह्यं. डाव्या अंगानं वळवा, मंग एकदम मांगं सोडा. अन् मी ओरडली तरी हात काढू नका."

दौलतराव तिच्या मागे उभे राहिले. त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्याला हात लावला, डावीकडे वळवलं आणि सकाळी आपल्याला निजवलं होतं तसंच तिला मागे निजवलं.

टिन खाली गेलं. ती वर गेली. एवढ्या वर्षांत तिने ही घेरी कधी आपणहून ओढवून घेतली नव्हती. तिने डोळे उघडेच ठेवले.

वर, उलटा, नवऱ्याचा चेहरा होता. तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. त्याचं तोंड आधी नुसतं उघडलं. मग त्यावरचं रक्त सकाळसारखंच उतरत गेलं.

"भागिरथा, तुह्ये डोळे..."

तिने बाजेची कड घट्ट धरली.

त्यांची नजर तिच्या डोळ्यांवरून उठली, भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या वाकळेवर गेली आणि तिथून परत तिच्या कपाळावर आली. त्यांचा अंगठा नेमका तिथेच टेकला होता. त्यांनी तो चटकन उचलला.

"त्या दिवशी... वावरात... तू..."

"हात हालवू नका," भागिरथा म्हणाली. "अन् बोलू नका. डॉक्टरीणबाईनं बोलू नका म्हनलं होतं."

ज्या माणसाला गप्प बसलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं, तो बायकोचं डोकं दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून उभा राहिला. वरच्या टिनाच्या पन्हाळ्या गरगरत होत्या, मग सावकाश झाल्या, मग एकेक करून आपापल्या जागी येऊन थांबल्या.

"आता उजवीकडं वळवा," ती म्हणाली. "सावकाश."